खिंडीतली येसू आणि तीन पाकळ्या

एक होता डोंगर. इतका उंच, की ढगसुद्धा त्याच्या खांद्यावर टेकून दम खायचे. त्या डोंगराच्या खिंडीत एक इवलंसं घर होतं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर आणि पुढं शेणानं सारवलेलं टीचभर अंगण. त्या घरात आठ वर्षांची येसू तिच्या आईबरोबर राहायची.

येसूचे बाबा देवाघरी गेलेले. आणि दोन वर्षांपूर्वी आई हिरडे काढताना झाडावरून पडली, तेव्हापासून तिच्या पायांत बळच उरलं नव्हतं. रोज सकाळी येसू आईला धरून धरून दाराशी आणायची आणि घोंगडीवर बसवायची. आई तिथं बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायची. पानं तोडून आणायची ती येसूनं. आठवड्यातून एकदा खालच्या गावची एक म्हातारी पत्रावळ्या घेऊन जायची आणि बदल्यात नाचणी द्यायची. कधी नाचणी पुरायची, कधी पुरायची नाही. मग मायलेकी पेजेत पाणी जरा जास्त घालायच्या आणि "आज पेज कशी पातळ, छान झाली!" असं एकमेकींना सांगायच्या.

"आई, पाय दुखतात का गं?" येसू कधी कधी विचारायची.

"दुखले असते तर बरं वाटलं असतं बाळा," आई हसून म्हणायची. "पाय आहेत हे तरी कळलं असतं."

खिंडीतून वाट जायची. वरच्या गावांतली माणसं खाली उतरायची, खालची वर चढायची. वाटेवर दोन्ही अंगांना बोरी-बाभळी, आणि माणसं बहुतेक अनवाणी. त्यामुळं दिवसातून दोघातिघांच्या पायात तरी काटा मोडायचाच. आणि लंगडत येणारं माणूस दिसलं, की येसू हातातलं काम टाकून धावायची.

"बसा हं आजोबा. पाय इकडं द्या."

तिच्याजवळ एक सुई होती. आधी ती काट्याच्या जागी रुईच्या चिकाचा थेंब लावायची, फुंकर घालायची, गप्पा मारायची. आणि गप्पांच्या नादात समोरच्याला कळायच्या आत काटा बाहेर! हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं ती काही घ्यायचीही नाही. पण काटा निघाला की माणसाचा चेहरा कसा होतो, ठाऊक आहे? आत कुणी दिवा लावावा तसा. तो दिवा बघायला येसूला फार फार आवडायचं.

एके दिवशी काय झालं, येसू भल्या सकाळी रानात पानं आणायला गेली. पाऊस नुकताच सरलेला. उतारावर सोनकीची पिवळी पिवळी फुलं, खाली गुलाबी तेरडा, आणि गवताच्या प्रत्येक पात्यावर दवाचा एक एक मोती. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आवाज आला, "आई गं!"

आवाज केवढासा! वासराच्या गळ्यातली घंटी दूरवर किणकिणावी तेवढा.

येसूनं जाळी हळूच बाजूला केली. आत, एका पानावर, बोटभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ, निळे-हिरवे. झगा तेरड्याच्या पाकळ्यांचा. आणि डोळ्यांत मोहरीएवढं पाणी.

"काटा मोडलाय," परी मुसमुसत म्हणाली.

"एवढंच ना? पाय इकडं दे."

पण तो पाय तांदळाच्या दाण्याएवढा! त्याच्यापुढं सुई म्हणजे पहारच. येसूनं इकडं तिकडं पाहिलं, गवताचं एक कुसळ तोडलं आणि श्वास रोखून, जीभ दातांत धरून, त्याच्या टोकानं काटा अलगद काढला. मग फुंकर घातली, तीही अगदी हळू, नाहीतर परी उडूनच गेली असती.

परीचा चेहरा उजळला. खरोखरच उजळला! सगळ्या जाळीत चांदण्यासारखा उजेड पडला.

"तू मला माझं नावसुद्धा विचारलं नाहीस," परी म्हणाली.

"काटा काढायला नाव कशाला लागतं?"

परी खुदकन हसली. तिनं झग्यातून तीन पाकळ्या काढल्या. एक निळी, एक लाल, एक सोन्यासारखी पिवळी. "घे. एका पाकळीला एक मागणं. तळहातावर ठेवायची, मनात मागायचं आणि फुंकर मारायची. पण आधी माझं गाणं नीट ऐक." आणि ती किणकिणत्या आवाजात गाऊ लागली,

"नाव ठाऊक, त्याला नाही,
स्वतःसाठी काहीच नाही,
कुणा सांगशील, उरणार नाही,
दिवस बुडता मिळणार नाही!"

"म्हणजे ज्याचं नाव मला माहीत आहे, त्याच्यासाठी मागायचं नाही?" येसूनं विचारलं.

"नाही."

"पाकळी हातात असेपर्यंत कुणाला सांगायचंही नाही?"

"नाही."

येसूचा चेहरा एवढासा झाला. तिच्या मनात एकच मागणं होतं, आणि त्या माणसाचं नाव तर तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिनं पाकळ्या ओढणीच्या टोकाला बांधल्या, परीला हात जोडले आणि पानं घेऊन ती घरी आली.

थोड्या वेळानं बांगड्या विकणारा एक कासार खिंडीत आला आणि येसूच्या डोळ्यांदेखत ठेच लागून पडला. टोपलीतल्या हिरव्या, जांभळ्या, लाल बांगड्यांचा सगळ्या वाटेवर चुरा झाला. कासार मटकन खाली बसला. "उद्या खालच्या गावात लग्न आहे," तो म्हणाला. "नवरीच्या हातात आता काय घालू मी?"

येसूनं लगेच निळी पाकळी सोडली. फू! वाटेवरचे तुकडे थुईथुई नाचले, एकमेकांना बिलगले आणि किणकिण करत टोपलीत जाऊन बसले. एकीलाही तडा नव्हता! कासार टोपलीकडं बघतच राहिला. मग टोपली पोटाशी धरून असा हळूहळू निघाला, जसं काही त्यात तान्हं मूलच होतं.

मग आला मडकी घेऊन एक कुंभार. घामाघूम झालेला. येसू त्याच्यासाठी मागणार, इतक्यात तो म्हणालासुद्धा, "राम राम पोरी! मी धोंडू, वरच्या आळीचा."

झालं! नाव कळलं. आता पाकळी उपयोगाची नाही. येसू खळखळून हसली. "बरं धोंडूकाका, मग हातानंच करते," असं म्हणून तिनं चार मडकी डोक्यावर घेतली आणि चढ संपेपर्यंत पोचवली.

दुपारी एक अनोळखी म्हातारी आली. काठी टेकत, दहा पावलं चालत, बसत. येसूनं तिला पाणी दिलं.

"पाच वर्षांनी लेकीकडं निघालेय गं," म्हातारी म्हणाली. "तिला बाळ झालंय. आज बारसं. पण हे मेले पाय चालतील तर ना!"

पाय! येसू गर्रकन वळली. तिनं दाराकडं पाहिलं. घोंगडीवर आई मान खाली घालून पान लावत होती. येसूनं लाल पाकळी घट्ट मुठीत धरली. क्षणभर तिला वाटलं, आपण खोटंच म्हणू या, 'दारात बसलेल्या त्या बाईसाठी, तिचं नाव मला ठाऊक नाही.' पण नुसतं मनात आलं आणि मुठीतली पाकळी विझत्या निखाऱ्यासारखी काळवंडायला लागली.

"नको, नको!" येसू घाबरून पुटपुटली. "चुकले मी." तिनं डोळे पुसले, म्हातारीच्या सुजलेल्या पावलांकडं पाहिलं आणि फुंकर मारली. फू!

म्हातारी ताडकन उठली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. काठी दिली फेकून आणि निघाली उतारावरून वासरासारखी उड्या मारत! "अगं बाई! अगं बाई!" असं तिचं हसणं किती तरी वेळ खिंडीत घुमत होतं. येसू हसली. आणि रडलीही. दोन्ही एकदम.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."

ऊन कलू लागलं. आता एकच पाकळी उरली होती, पिवळी. तेवढ्यात खालून एक मुलगी आली. येसूच्याच वयाची, पायाला धूळ, कडेवर चार वर्षांचा भाऊ. मुलगी लंगडत होती. येसूनं तिला अंगणात बसवलं, चीक लावला, फुंकर घातली आणि बोराटीचा हा मोठ्ठा काटा काढून दाखवला. आईनं येसूकडून घरातली शेवटची भाकरी आणि गुळाचा खडा मागवून दोघांपुढं पत्रावळीवर ठेवला.

"मामाच्या गावाला चाललोय," मुलगी सांगू लागली. "हा माझा भाऊ. याला सगळं कळतं मावशी, पण बोलता येत नाही. एक शब्दही नाही. पोरं चिडवतात, दगड मारतात. म्हणून मी याला खाली उतरवतच नाही."

तो मुलगा गूळ चोखत, मोठ्या मोठ्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघत होता.

"गुणाची गं पोर," आई म्हणाली. "नाव काय तुझ्या भावाचं?"

"नको! नाव नको सांगू!" येसू ओरडली.

आई चकित झाली. "असं काय करतेस? बरं, माझं तरी नाव..."

"सांगू नका मावशी!" आता ती मुलगीच किंचाळली आणि तिनं दोन्ही कानांत बोटं घातली.

दोघी मुली एकमेकींकडं बघू लागल्या. पण विचार करायला वेळ कुठं होता? सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. येसूनं आईकडं पाहिलं, मग त्या मुक्या बाळाकडं. ओढणीची गाठ सोडली. पिवळी पाकळी तळहातावर ज्योतीसारखी थरथरत होती. 'याला बोलता येऊ दे,' ती मनात म्हणाली आणि तिनं फुंकर मारली. फू!

बाळानं गुळाचा खडा तोंडातून बाहेर काढला. तो नीट न्याहाळला. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, मला अजून गूळ पाहिजे!"

त्या मुलीनं त्याला छातीशी धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "बोल, अजून बोल!" आणि तो बोलू लागला, "तो बघ पक्षी! तो बघ डोंगर! ही ताई रडते का?" चार वर्षांचं सगळं साठलेलं होतं ना पोटात!

मग त्या मुलीची नजर येसूच्या हातावर गेली. तळहातावर सोनेरी धूळ चमकत होती. मुलगी दचकली. तिनं घाईघाईनं कमरेची चिंधी सोडली. आत होती एक हिरवीगार पाकळी.

"आज दुपारी तळ्याकाठी चिखलात अडकलेल्या परीला मी सोडवलं होतं," ती धापा टाकत म्हणणार होती. पण पाकळी अजून हातात होती, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. तिनं आईच्या लुळ्या पायांकडं पाहिलं, डोळे मिटले आणि गाल फुगवून फुंकर मारली. फूऽऽ!

हिरवा उजेड अंगणभर सांडला. सोनकीच्या फुलांच्या वासाची एक गार झुळूक आली आणि आईच्या पावलांभोवती गिरकी घेऊन गेली.

"येसू," आई हळूच म्हणाली, "घोंगडी टोचतेय गं."

"काय?"

"अगं, पायांना घोंगडी टोचतेय! लोकर टोचतेय मला!"

आईनं दाराची चौकट धरली. गुडघा हलला. आई उठली, डगमगली, सावरली. आणि अंगणाच्या मधोमध, कुणालाही न धरता, उभी राहिली. येसूनं तिच्या कमरेला अशी मिठी मारली की आई पुन्हा पडता पडता वाचली.

छपराच्या टोकावर परी बसली होती. दोन्ही मुलींकडं ती अशी कौतुकानं बघत होती, जसं आपण दिवाळीच्या पणत्यांकडं बघतो.

"परीताई," येसूनं विचारलं, "तुला आधीच माहीत होतं का, की ही येणार आहे?"

"छे गं," परी म्हणाली. "मी फक्त पाकळ्या देते. वाटा तुमच्या, पाय तुमचे आणि मनंही तुमचीच. मला तर नेहमी धाकधूक असते. आज मात्र माझंच मन भरून आलं."

तिनं पंख पसरले. बुडत्या सूर्याचा शेवटचा किरण त्यांवर पडला. निळा, हिरवा, गुलाबी, सोनेरी असे हजार कण उधळले. आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. उजेड मात्र बराच वेळ अंगणात रेंगाळला.

मग सगळ्यांनी सगळ्यांना नावं सांगितली. मुलीचं नाव सुंद्री, बाळाचं भिवा, आणि आईचं सारजा. मामाचं गाव जवळच होतं, पुढच्या वळणापलीकडं. "चला, तुम्हाला वळणापर्यंत पोचवते," आई म्हणाली, आणि चौघं निघाली. भिवा दिसेल त्याचं नाव घेत पुढं पळत होता.

वळणावर सुंद्रीनं हात हलवला. समोरच मामाचं घर होतं, दारात मामी दिवा लावत होती. भावंडं पळत गेली.

"आई, आता परत फिरायचं ना?" येसूनं विचारलं.

आईनं समोरच्या लांबच लांब वाटेकडं पाहिलं. तिनं येसूचा हात धरला.

"अजून थोडं चालू या गं," ती म्हणाली.