तवनाप्पाचं लेसर मशीन

पंचगंगेकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता, तवनाप्पा. आण्णा मगदुमांच्या लोखंडाच्या फाउंड्रीत तो कामाला होता. सांगितलं तेवढंच करायचा, पण कुठंही करायचा.

आण्णांनी नवं मशीन आणलं. वितळलेल्या रसावर लेसर मारला की ठिणगी उडायची, आणि रसात काय किती आहे ते तिच्या उजेडावरून लगेच पडद्यावर दिसायचं. पुण्याचे कर्णिक साहेब ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर पंपांची मोठी ऑर्डर, नाहीतर फाउंड्रीला कुलूप.

तवनाप्पानं लेसर मारला. पडद्यावर लोखंड नावालाच.

"आरं, वर मळी तरंगत्या! ती काढून टाक, मग खालचं खरं कळतंय," आण्णा म्हणाले.

"बरं आण्णा."

दुपारी आण्णांनी मिसळ मागवली. तवनाप्पानं वरचा लालभडक कट काढून गटारात ओतला आणि खालची मटकी पुढं ठेवली.

"गाढवा, सगळी चव त्या कटात! वरचं टाकायचं न्हाय, ढवळून खाली घ्यायचं!"

"बरं आण्णा."

संध्याकाळी त्यानं मळी मन लावून रसात ढवळली. भट्टीभर रस वाया गेला. आण्णा रडकुंडीला आले.

"तू डोकं चालवू नगंस, बाबा. मशीन जे कमी सांगंल तेवढंच घाल. बास!"

"बरं आण्णा."

साहेब आले त्या दिवशी तवनाप्पानं अगदी तसंच केलं; सिलिकॉन कमी दिसलं, तेवढंच घातलं. रस उत्तम जमला. साहेबांनी खूश होऊन पेन काढलं. "चहा घेतो आणि सही करतो."

आण्णांना आनंद मावेना. "तवनाप्पा, चहा आण! साहेबांस्नी कायबी कमी पडता कामा न्हाय!"

तवनाप्पानं चहावर लेसर मारला. लोखंड शून्य. सिलिकॉन शून्य. बिचाऱ्या साहेबांची त्याला दया आली. त्यानं दोन्हींची पूड चमचा चमचा घातली.

साहेबांनी घोट घेतला. दातांखाली कर्रकन वाजलं.

"काय आहे ह्यात?"

"तुमच्या पंपाला लागतंय ते समदं हाय, साहेब."

साहेबांनी पोट धरलं. आण्णा किंचाळले, "आरं, त्यांच्या पोटात काय काय गेलंय ते बघ आधी!"

"बरं आण्णा."

तवनाप्पानं मशीन ढकलत आणलं, त्याचं तोंड साहेबांच्या तोंडासमोर धरलं आणि अदबीनं म्हणाला, "आ करा."

साहेब उठले ते थेट गाडीत. सही राहिली ती राहिलीच.

तवनाप्पा मात्र मशीन घेऊन गाडीमागं पळत होता. "थांबा की साहेब! हललं की आकडा चुकतोय!"