नाण्यांचा आवाज ऐकणारा वारा

एक होता राजा, धवलसेन नावाचा, आणि त्याला एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीत हात घालायचा. वांगी काय भावानं विकायची, ते राजा ठरवायचा. धोतर किती लांब विणायचं, तेही राजाच ठरवायचा. लोणच्यात मीठ किती घालावं, याचीसुद्धा एकदा दवंडी पिटली होती त्यानं. मनानं वाईट नव्हता, बरं का. आपल्यावाचून लोकांचं कसं होणार, असं त्याला खरंच वाटायचं.

मग एकदा काय झालं, राजा आठवड्याच्या बाजारात गेला आणि मडकी विकणाऱ्या कुंभारणीला म्हणाला, तुमच्यासाठी आणखी काय करू? कुंभारीण भीतभीतच बोलली.

"महाराज, रागावणार नसाल तर सांगते. जरा घरी बसाल का?"

सगळा बाजार खाली मान घालून हसला. राजा तोंड पाडून परतला आणि जेवलाच नाही. मग ठकूदाईला बोलावणं गेलं. ही ठकूदाई कोण? तर राजाची आई तो तान्हा असतानाच गेली, तेव्हा साळी आळीतल्या या बाईनं त्याला अंगावर पाजलं होतं. राजवाड्यात राहा म्हटलं, तरी ती आपल्या विणकरांच्या आळीतच राहिली. ती आली, राजाला दोन घास भरवले आणि म्हणाली की कुंभारीण खोटं काही बोलली नाही.

त्याच सुमारास लांबच्या देशातून शारंगधर पंडित आला. गोड बोलणारा, शहाणा माणूस. त्याच्या काखेत एक पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली. त्यानं राजाला सांगितलं की या पिशवीत बाजाराचा वारा आहे. जिथं ज्या वस्तूची गरज, तिथं ती हा वारा आपोआप नेऊन पोचवतो. राजानं काही म्हणजे काही करायचं नाही.

"अट एकच," पंडित म्हणाला. "हात लावायचा नाही. लावलात, की वारा मोडला. पुन्हा येणार नाही."

पंडितानं गाठ सोडली. मग काय सांगू! बैलाशिवाय गाड्या चालू लागल्या. पहिल्या बाजाराला समुद्राकाठचं मीठ आलं. दुसऱ्या बाजाराला तलम कापड आलं, तेही अर्ध्या भावात. तिसऱ्या बाजाराला अशी फळं आली की त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. वांगी, धोतरं, लोणचं, ज्याचं त्यानं ठरवावं. लोक खूश झाले. कुंभारणीनं राजाला एक नक्षीचा माठ पाठवून दिला.

पण पंडिताला एक गोष्ट खटकत होती. त्या गावाची एक जुनी रीत होती. धान्य मापताना माप शिगोशीग भरायचं, मग वरून काठी फिरवून सपाट करायचं. वरची शीग खाली घोंगडीवर पडायची. ती विकणाऱ्याचीही नाही आणि घेणाऱ्याचीही नाही. ती वेशीजवळच्या पेवात जायची. पेव म्हणजे जमिनीतलं खोल कोठार, बरं का. पाऊस चुकला, की ते उघडायचं. काठी फिरवायचं काम होतं ठकूदाईकडे.

पंडित म्हणाला, जे कुणाचंच नाही, ते वाऱ्याच्या वाटेतला धोंडा. राजानं रीत बंद केली. पेवातलं होतं ते धान्यही वाऱ्यावर विकून टाकलं. ठकूदाई म्हणाली, अरे, आजवर हातच घालत होतास, तर आता हातच काढून घेतोस? मधलं काही येतं का तुला? राजा हसला. म्हातारी रुसली, असं त्याला वाटलं.

मग हळूहळू साळी आळीतले माग बंद पडले. अर्ध्या भावाचं कापड आल्यावर यांचं कोण घेणार? रखमाजी साळी राजाकडे आला आणि म्हणाला, माझ्या बोटांना दुसरं काही येत नाही. पंडितानं त्याला प्रेमानं बसवून घेतलं. वारा कुणाला रिकामा ठेवत नाही, म्हणाला, तुला दुसरं काम आणून देईल, थोडं थांब. रखमाजी थांबला.

आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही.

आता गंमत बघा. वाऱ्याला डोळे नव्हते, नाक नव्हतं, नुसते कान होते. आणि त्या कानांना एकच आवाज ऐकू यायचा, नाण्यांचा. जिथं नाणी खुळखुळतील, तिथं धान्य जायचं. समुद्रापलीकडच्या शहरात थैल्या भरलेल्या होत्या, तिथं घोड्यांनाही ज्वारी घालत. इथं साळी आळीत नुसती पोटं वाजत होती. पोटाचा आवाज वाऱ्याला कुठला ऐकू यायला? धान्यानं भरलेल्या गाड्या गावातून बाहेर निघाल्या. वाट उताराची, साळी आळीतूनच जाणारी. लोक दारात उभे राहून बघायचे.

कुणी पोतं ओढू नये, म्हणून राजानं आळीत दोन्ही बाजूंना शिपाई उभे केले.

राजाला झोप लागेना. त्यानं पंडिताला विचारलं, निदान फुकट पेज वाटू का? पंडित म्हणाला, फुकट दिलंत तर हात आळशी होतील. काम द्या. मग कामाला म्हणून डोंगरावरचे दगड वेशीपर्यंत वाहायचे ठरले. दिवसभर वाहिले, की एक ओंजळ धान्य. आज वाहिलेले दगड उद्या पुन्हा डोंगरावर. रखमाजी साळ्यानं आठवडाभर दगड वाहिले. मग एका दगडावर डोकं टेकून बसला, तो उठलाच नाही.

त्या दिवशी ठकूदाई काठी टेकत राजवाड्यात आली. भिंतीला धरून उभी राहिली. राजा म्हणाला, तू इथंच राहा, माझ्या ताटात जेव. तिनं मान हलवली. म्हणाली, आळीतल्या सगळ्यांना घालशील तर जेवते. एक गाडी थांबव, एकच.

"थांबवली तर वारा मोडेल, दाई. मग कायमचंच काही येणार नाही. हात लावायचा नाही, असा शब्द दिलाय मी."

ठकूदाईनं काठी दाराकडे रोखली.

"हात लावायचा नाही म्हणतोस, बाळा. मग माझ्या दारात ते भाले कुणाच्या हातात आहेत?"

ती निघून गेली. राजा पुन्हा पंडिताकडे गेला. पंडित कळवळला, खोटं कशाला बोला, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणाला, इथला भाव आणखी चढू द्या, मग वारा आपोआप इकडे वळेल. थोडं थांबा. राजा थांबला.

थांबता थांबता एका दुपारी त्याला राहवेना. तो धावतच साळी आळीत गेला. ठकूदाई उंबऱ्यावर पडली होती, डोळे उघडे, छाती जेमतेम हलत होती. समोरून गाड्या चालल्या होत्या, एकीमागून एक. राजा रस्त्यात उतरला. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि एका गाडीच्या चाकाला हात घातला.

गाडी थांबली.

राजानं डोळे उघडले. मागची गाडी जरा बाजूनं वळसा घालून पुढे गेली. तिच्यामागची पण गेली. वारा होता तसाच वाहत होता. आभाळ कोसळलं नाही, की गाड्या उलटल्या नाहीत. काहीच झालं नाही.

राजा कितीतरी वेळ चाकाला धरून नुसता उभा राहिला.

मग त्यानं आपल्या हातानं पोतं फाडलं, चूल पेटवली, पेज शिजवली आणि दाईच्या तोंडाला लावली. पेज ओठांवरून खाली ओघळली. तिला गिळता येईना. राजानं पुसलं, पुन्हा लावली. पुन्हा ओघळली. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा शिपायानं त्याचा हात धरला.

पुढच्या वर्षी पाऊस आला. वारा वळला, धान्याच्या गाड्या गावात आल्या, भाव उतरला. पंडित म्हणाला, बघा, सांगितलं होतं की नाही? मग तो पिशवी काखेत मारून दुसऱ्या राज्यात गेला. तिथं त्याला हत्तीवरून मिरवला म्हणे.

राजानं पेवाची रीत पुन्हा सुरू केली. बाजाराच्या दिवशी तो स्वतः मापापाशी बसायचा आणि शीग खाली पाडायचा. वारा आपला वाहायचा. गाड्या चालायच्या. त्यातली एखादी राजा हात घालून थांबवायचा, आणि वारा तिला वळसा घालून पुढे जायचा.

आणि जे उरले, ते सुखानं नांदले. किती उरले, ते गोष्टीत सांगत नसतात. चला, दिवा मालवते, पांघरूण ओढून घ्या. झोपा आता.