डुलणारा तारा आणि त्याचा सोबती

फार दूर, जिथून निघालेला उजेड आपल्या अंगणात पोचायला पिढ्या लागतात, तिथे एक तारा राहत होता. तारा कसला, लख्ख देखणा! त्याच्याभोवती एक तपकिरी गोळा फिरायचा. तो बिचारा धड तारा नव्हता, धड ग्रहही नव्हता. तारा व्हायला लागतं त्यापेक्षा वजन जरा कमी पडलं, म्हणून तो पेटलाच नाही. चुलीतल्या राखेसारखा नुसता कोमट राहिला.

शेजारचे तारे त्याला टोचायचे, "एवढा मोठा झालास, पण उजेड काय पाडलास?"

एकदा खालच्या खलाशांना वाट दाखवणारा तारा म्हातारा होऊन विझत आला. वडीलधारे तारे त्याच्या जागी दुसरा शोधू लागले. हा मान मिळावा, ही आपल्या ताऱ्याची लहानपणापासूनची एकच इच्छा होती.

वडीलधाऱ्यांनी त्याला निरखून पाहिलं. "तेज उत्तम आहे. पण बाळा, तू डुलतोस. वाट दाखवणाऱ्याने जागचं हलायचं नसतं."

"सोबती मला जरासा ओढतो ना, म्हणून," तारा म्हणाला.

"मग त्याला निरोप दे. जागा तुझीच."

सोबत्याने हे ऐकलं. "दादा, मी जातो," तो म्हणाला. "माझ्या हातून तुझं भलं झालं नाही, निदान वाईट तरी नको." आणि तो खरंच मागे सरकू लागला. एकदा सुटला असता, तर त्या काळोखात कायमचा एकटा पडला असता.

ताऱ्याला मोह झाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याने सगळा जोर लावून सोबत्याला ओढून धरलं.

"थांब रे! सगळे म्हणतात, तू माझ्याभोवती फिरतोस. अरे, फिरतो आपण दोघंही, मी थोडा कमी एवढंच. तुला घालवून ताठ उभं राहायचं, तर ते उभं राहणं काय कामाचं?"

मान दुसऱ्या ताऱ्याला मिळाला. त्याने कामही चोख केलं, खोटं कशाला बोला? आपल्या ताऱ्याला फार वाईट वाटलं, पण सोबत्याला त्याने ते कधी ऐकवलं नाही. केवढं मोठं मन!

खाली एका डोंगरावर एक बाई दुर्बिणीतून तारे बघायची. तिची नजर या डुलणाऱ्या ताऱ्यावर बसली. कितीतरी वर्षं ती त्यालाच बघत राहिली. एके दिवशी तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या! हा तारा एकटा नाही. याच्याजवळ कुणीतरी आहे."

नवऱ्याने दुर्बिणीला डोळा लावला. "मला तर कुणी दिसत नाही गं."

"मलाही नाही दिसत. पण हा हलतोय कसा बघा ना! जवळ कुणी असल्याशिवाय असं हलेल का कुणी?"

"दादा, त्या माझ्याबद्दल बोलतायत!" तपकिरी गोळा म्हणाला. आजवर त्याच्याबद्दल चांगलं कुणी बोललंच नव्हतं. तारा इतका हरखला, की तो मान मिळाला असता तरी एवढा हरखला नसता.

तात्पर्य: सोबत्यासाठी थोडं हलावं लागलं, तर खुशाल हलावं. ताठ उभे राहणारे पुष्कळ असतात, पण आपल्यामुळे दुसरा जगाला दिसावा, ही थोरवी मोजक्यांनाच लाभते.