राजाचा पहिला घास

कर्दळगडाच्या राजाला आपल्या शौर्याचा भारी तोरा. एका दुपारी दूरवर धुळीचा लोट दिसला, तसा पहारेकरी रुमाजीनं गडाचा दरवाजा घाईघाईनं लावून घेतला. निघाली चरून परतणारी गुरं! सगळा गड हसला. राजा मात्र भडकला.

"माझ्या गडावर भीतीला जागा नाही! माझं जेवण उरकलं की या भेकडाला कड्यावरून लोटून द्या."

राजाचं अन्न आधी चाखून बघायचं काम येसूआक्काचं. हुकूम तिनंही ऐकला होता. ताट आलं, तरी ती हात बांधून उभीच.

"आक्का, चाख की!"

"कशाला, महाराज? गडावर भीतीला जागा नाही ना? करा सुरुवात."

राजानं भाताकडे पाहिलं, आमटीकडे पाहिलं. हात काही पुढे जाईना.

"विष नसेलच," आक्का म्हणाली. "रोजच नसतं. तरी मी रोज चाखते, म्हणून तुम्ही निवांत जेवता. रुमाजीनं गडासाठी दुसरं काय केलं?"



"सोडा त्याला," राजा शेवटी पुटपुटला, आणि ताट हळूच आक्काकडे सरकवलं.