तिसऱ्यांदा ऐकलेली हाक

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक वानर राहत असे. मुलांनो, सर्वांत उंच झाडावर बसून राखण करणे हे त्याचे काम. बिबट्या दिसला की तो जोरात ओरडे. ज्याच्या कानी पडे तो शेजाऱ्यांना सांगे, ते आणखी शेजाऱ्यांना. एकच गलका होई. खालच्या गवतात वानराचा जिवलग मित्र ससा राही. तो डोके वर काढून म्हणे, "ऐकलं रे बाबा, तिसऱ्यांदा ऐकलं!"

या गलक्याची वानराला लाज वाटू लागली. त्याने नवी रीत घातली. "प्रत्येकाने आपले दोन शेजारी निवडायचे आणि त्यांनाच सांगायचं. दुसऱ्याच्या वाट्याचं कोणी बोलायचं नाही." पुढच्या खेपेला बिबट्या आला, तेव्हा निरोप फांदीफांदीने गुपचूप खाली उतरला. "वा! एकदाच ऐकलं," ससा खूश झाला. वानराने दोन्ही रीती मनात ताडून पाहिल्या आणि नवीच कायम केली. साळुंकी तेवढी कुरकुरली, "आणि मधला कोणी जागेवर नसला तर?"

"तुला बडबडायला मिळत नाही, हे तुझं खरं दुखणं!" वानर म्हणाला. सगळे हसले. 

उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. वानराने आपल्या दोन शेजाऱ्यांना सांगितले आणि निरोप निघाला. सशाला सांगायचे काम खारीचे होते. पण मोहाची झाडे फुलली होती, म्हणून ती सकाळीच पलीकडच्या रानात गेली होती. वारा आधी उलटा असल्याने सशाला धुराचा वासही आला नाही, आणि मग वारा एकाएकी फिरला. संध्याकाळी सगळे नदीकाठी जमले. ससा आला नाही.

"मी त्याच्या डोक्यावरच्याच फांदीवर होते रे," साळुंकी रडत म्हणाली. "पण तो खारीच्या वाट्याचा. तिने सांगितलंच असेल असं वाटलं." वानराने मान खाली घातली. 

आता त्या जंगलात पुन्हा पूर्वीसारखा गलका होतो. वानर तिसरी हाकसुद्धा कान देऊन ऐकतो, आणि मग खालच्या गवताकडे बघत थोडा वेळ थांबतो. गवत पुन्हा उगवले आहे. तिथून कोणी काही म्हणत नाही.

तात्पर्य : जिवाशी गाठ असलेला निरोप एकाच्याच भरवशावर सोडू नये; तो दोनदा कानी पडला तर थोडा त्रास होतो, एकदाही पडला नाही तर पुढे सांगायला कोणी उरत नाही.