देवराईतला ऐन

देवाचे नाव पुढे करून जो बेघरांच्या डोक्यावरचे छप्पर अडवून धरतो, त्याला तुम्ही भक्त म्हणाल का? उत्तराची घाई करू नका. ज्या गावाची ही कथा आहे, त्या गावाने त्याला दोन महिने भक्तच म्हटले होते.

एकदा एका डोंगरउतारावरच्या गावावर वणवा उतरला. फाल्गुनातले वाळके गवत आणि वरून सुटलेला वारा. सकाळी कड्यावर दिसलेला धूर दुपारी गावात होता. माणसे नदीच्या पात्राकडे धावली म्हणून वाचली. गवताने शाकारलेली चाळीस घरे पाहता पाहता राख झाली. डोंगरावरचे रानही गेले. उरले ते दगडी देऊळ, देवस्थानाच्या कारभाऱ्याचे चिरेबंदी घर आणि झऱ्याकाठची ओली देवराई. त्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता.

राजाला वार्ता कळली. त्याने आपल्या राखीव रानातले लाकूड, बांबू आणि गवत गाड्या भरून पाठवले. सोबत आज्ञापत्र होते : हे अनुदान जळलेल्या घरांसाठी आहे, मृगापूर्वी प्रत्येक घर उभे राहावे. वाटपाचे काम कारभाऱ्यावर सोपवले गेले. तो शिकलेला होता आणि देवभिरू म्हणून प्रसिद्ध होता. प्रसिद्धी तपासून घेण्याची राजाला गरज वाटली नाही.

कारभाऱ्याने सारे लाकूड देवळाच्या आवारात रचून घेतले आणि जाहीर केले की देवाला विचारल्यावाचून यातली काडी हलणार नाही. त्या भागात मोठे काम हाती घेण्यापूर्वी देवाला कौल लावतात. मूर्तीच्या ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाची पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. कारभाऱ्याने पाकळ्या लावल्या, डोळे मिटले, ओठ हलवले. उजवी पाकळी गळाली. तो गावाकडे वळला आणि म्हणाला, "देवाची आज्ञा झाली. आधी देवापुढे सभामंडप, मग माणसांची घरे."

गावाने हात जोडले. येथेच गाव चुकले. कौल साऱ्यांनी पाहिला होता. प्रश्न मात्र एकानेही ऐकला नव्हता, आणि तो काय होता हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

चैत्र गेला. ज्या लाकडातून चाळीस घरे उभी राहायची, त्याच्या खांबांवर कमळे कोरली जात होती. दर्शनी तुळईवर कारभाऱ्याच्या वडिलांचे नाव कोरून झाले. लोक जळक्या मेढींना लुगडी बांधून त्यांखाली राहत होते. वैशाखाच्या उन्हात दोन अर्भके दगावली. कारभाऱ्याने त्यांच्या नावाने देवापुढे दिवा लावला. तेल त्याने स्वतःच्या घरचे वापरले, हेही त्याने चारचौघांत सांगितले.

गावात झिमा नावाची एक बुरुडीण होती. तिची लेक आठ दिवसांची झाली होती आणि उन्हाने दूध ओढीनाशी झाली होती. झिमा देवळाच्या आवारात गेली. तिने घर मागितले नाही. चार मेढी आणि ओंजळभर गवत मागितले. कारभारी शांतपणे म्हणाला की देवाचे कार्य चालू आहे, तिने धीर धरावा.

झिमा म्हणाली, "कारभारी, देवाच्या डोईवर दगडाचं छप्पर हायेच की. त्याला ऊन लागतंय म्हून कुणी सांगितलं तुमास्नी?"

सुतारांपैकी एकजण हसला. पण झिमाच्या नवऱ्यानेच तिचा दंड धरून तिला बाहेर आणले आणि देवाविरुद्ध बोलू नकोस म्हणून दटावले.

देवराईच्या तोंडाशी एक वृद्ध साधुपुरुष राहत असे. चाळीस वर्षे त्याने त्या रानाची राखण केली होती. जळणासाठी शिरलेल्या म्हातारीलाही तो हात जोडून परत पाठवी. त्याच्या शिष्याने देवळातला प्रकार त्याला सांगितला. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला वृद्धाने स्नान केले, कुऱ्हाड घेतली, देवराईत शिरला आणि काठावरच्या उंच ऐनाच्या बुंध्यावर पहिला घाव घातला.

शिष्याने धावत जाऊन त्याचा हात धरला. "गुरुदेव, हे काय आरंभलेत? निदान कौल तरी लावा."

वृद्धाने हात सोडवून घेतला आणि दुसरा घाव घातला.

झाड पडायला दोन दिवस लागले. वृद्धाचे तळवे फुटले. सारा गाव देवराईच्या हद्दीबाहेर उभा राहून पाहत होता. कोणी आत पाऊल टाकीना. म्हातारा आता रक्त ओकणार, असे काही म्हणत होते. त्याला नाग डसणार, असे काही. तिसऱ्या दिवशी गुरुशिष्यांनी लाकूड ओढत झिमाच्या घराच्या राखेवर आणले. तिचा नवरा मागे सरकला. झिमाने मूल सासूच्या हाती दिले आणि मेढ स्वतः धरली. ऐनाच्याच पानाफांद्यांचे छप्पर झाले. संध्याकाळी मूल त्या गारव्यात दूध प्याले.

शिष्य रडवेला झाला होता. "आवारात राजाचे लाकूड पडले असताना आपण देवाचे झाड का तोडलेत? आणि त्याला न विचारता?"

वृद्धाचा स्वर कठोर होता. "ज्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, तो देवाला विचारणे म्हणजे माझे कर्तव्य त्याच्या गळ्यात घालणे. मूल उन्हात मरू द्यावे का, हे मी पाकळ्यांना विचारू? आवारातले लाकूड लोकांचेच होते, पण भयापोटी त्यांनी ते मनाने देवाला देऊन टाकले. ते मी उचलून दिले असते तर एकानेही हात लावला नसता. म्हणून जे खरोखर देवाचे, तेच मी तोडले. त्या झाडाखाली मूल जगले आणि आकाश कोसळले नाही, हे त्यांनी पाहिले आहे. झाड तोडल्याचे पाप माझे आहे. वर्षभर मी देवळाची पायरी चढणार नाही. पण त्या माणसाने देवाला निर्दय ठरवले. देवाची याहून मोठी निंदा मी ऐकलेली नाही."

शिष्याने कुऱ्हाड उचलून धुतली. त्याने पुन्हा काही विचारले नाही.

गाव मात्र आता विचारू लागले. सकाळी चाळीसही घरची माणसे देवळाच्या आवारात गेली. वृद्ध पायरीखाली थांबला आणि तेथूनच म्हणाला, "कारभारी, पाषाणावर हात ठेवा आणि सांगा. कौल लावताना तुम्ही देवाला काय विचारलेत?"

कारभाऱ्याने राजाची आज्ञा, देवाची आज्ञा, पूर्वजांची रीत, असे पुष्कळ सांगितले. हात मात्र पाषाणावर ठेवला नाही. शेवटी झिमाचा नवराच पुढे झाला आणि त्याचा हात धरून त्याने तो पाषाणावर ठेवला.

कारभारी खाली पाहत म्हणाला, "तुझा मंडप बांधला तर तुला आवडेल का, एवढेच विचारले."

"आणि घरांचे?"

"घरांचे विचारले नाही."

लोकांनी कोरलेले खांब उचलले आणि आपापल्या राखेकडे नेले. मृगाला चार दिवस उरले असताना शेवटचे घर शाकारून झाले. त्या गावात आजही कित्येक चुलींमागे कमळ कोरलेला खांब आहे. वडिलांच्या नावाची तुळई गोठ्याला लागली.

राजाचा अधिकारी आला आणि कारभाऱ्याला बंदिवासात न्यायला निघाला. वृद्धाने त्याला थांबवले. बंदिवासात याला राजाचे छप्पर मिळेल, असे तो म्हणाला, आणि गावाने दुसरी शिक्षा ठरवली. तुटलेल्या ऐनाच्या जागी कारभाऱ्याने ऐन वाढवावा. झऱ्याचे पाणी स्वतःच्या खांद्यावरून आणावे. गडी नाही, बैल नाही. ज्या दिवशी त्या झाडाच्या सावलीत एक माणूस बसू शकेल, त्या दिवशी तो मोकळा.

पहिले रोप उन्हाने गेले. दुसरे शेळीने खाल्ले. तिसरे त्याने अति पाणी घालून कुजवले. चौथे जगले. तो पाणी घेऊन जाई तेव्हा कोणी त्याची थट्टा करीत नसे आणि कोणी त्याच्याशी बोलतही नसे. अकराव्या वैशाखात भर दुपारी, घागर खांद्यावर असताना, तो त्या रोपाशेजारी कोसळला आणि तेथेच गेला. ऐन तेव्हा त्याच्या छातीइतका झाला होता. त्याची सावली कारभाऱ्याच्या तोंडावरसुद्धा पुरली नाही.