काजळीचे शिक्षण

पूर्वी वेत्रवती नदीकाठच्या चंपकनगरात राजा अंगधर राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कुत्री शिकवणाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव रोहक. त्याच नगरात विणकरांच्या आळीत पदुमा नावाची म्हातारी राहत असे. नवरा गेला, मुली दूर नांदत होत्या. घरात माग आणि काजळी नावाची काळी कुत्री एवढेच उरले होते.

शेजारी कुंभारांची आळी होती. पदुमा लहान असताना दोन्ही आळ्यांत मिळून एकच कुत्रा होता, तांबू. सकाळी तो मागाखाली निजे, दुपारी कुंभाराच्या ओल्या मातीत पोट गार करी, आणि कुठल्याही दारातून हाक आली तरी शेपटी हलवीत जाई. त्याच्यामागे धावता धावताच पोरांना सगळी घरे पाठ झाली होती.

पुढे एका वर्षी विणकरांच्या रंगाचे पाणी कुंभारांच्या मातीच्या खड्ड्यात शिरले आणि वर्षभराची माती गेली. भांडण झाले, ते मिटवायला कोणी बसले नाही. मग एक रीत पडली. विणकर आपल्या पिल्लासमोर चिखल माखलेले फडके नाचवीत. पिल्लाने ते गुरगुरून फाडले की त्याला घास मिळे. कुंभार हेच रंगवलेल्या सुतावर करीत. पदुमानेही काजळीला असेच वाढवले. सगळी आळीच करते, त्यामुळे आपण तिला काही शिकवतो आहोत असे तिला कधी वाटलेच नाही.

एके दिवशी सोणक कुंभार मडकी घेऊन विणकरांच्या आळीतून चालला असता काजळीने त्याच्या पोटरीचा लचका तोडला.

नगरपालाने दोन्ही आळ्यांना चावडीवर बोलावले. कुंभार म्हणाले, विणकरांची कुत्री मारा. विणकर म्हणाले, कुंभारांची मारा. नगरपालाची जेवणाची वेळ होत आली होती. त्याने काही विचारले नाही. तो म्हणाला, "दोन्हीकडची मारा. पहिली ती काळी."

तेव्हा रोहक पुढे आला. "स्वामी, या कुत्रीला जे शिकवले ते ती बिनचूक शिकली. शिकवणारे इथे पागोटी घालून बसले आहेत. त्यांना काय शिक्षा?"

पदुमाने पदर डोळ्यांवर ओढला.

नगरपाल हसला. "मग असे कर. ही तिखट कुत्री राजाच्या शिकारखान्यासाठी तयार कर. तुला एक गाव इनाम देववतो."

पदुमाला वाटले, संपले. गाव कोण सोडतो?

"गाव नको," रोहक म्हणाला. "पौर्णिमेपर्यंत मुदत द्या. त्या दिवशी काजळी दोरीशिवाय कुंभारआळीतून चालत जाईल. ती कोणावर गुरगुरली, तर तुमचा हुकूम तुम्ही चालवा."

नगरपालाने मुदत दिली. दुसऱ्या दिवशी पदुमा काजळीला घेऊन रोहकाकडे गेली. त्याने दोरीला हातही लावला नाही. "आजी, हिची माझ्याशी ओळख होऊन काय उपयोग? तुम्ही सोणकाच्या अंगणात बसा. घास त्याच्या हातचा. आणि त्याने हाताची माती धुवायची नाही."

सोणक पोटरीला पाला बांधून बसला होता. "ये," तो म्हणाला. "उरलेला पाय चारायला आणलेस का हिला?"

"तुझ्या वाळक्या पायात खायला आहे काय?"

"तिलाच विचार. तिने चव घेतली आहे."

रोहकाचा नियम एकच होता. ओरडायचे नाही, मारायचे नाही. ती गप्प झाली की त्याच क्षणी 'बस' म्हणून घास पुढे करायचा. तीन दिवस काजळी गुरगुरत राहिली. चौथ्या दिवशी ती थकून गप्प झाली. सोणकाने हात पुढे केला आणि तिने भाताचा गोळा उचलला. त्याने पाचही बोटे मोजून पाहिली.

आधी काठ्या घेऊन दारात उभे असलेले कुंभार हळूहळू जवळ येऊन बसू लागले. रोहक प्रत्येकाला कुत्रीचे नाव घ्यायला लावी, मगच घास हाती देई. पुढे विणकरही कुंभारांच्या कुत्र्यांपाशी जाऊन बसू लागले.

दुपारी काजळी निजली की दोघे म्हातारे बोलत.

"तांबू गेला तो तुमच्याच दारात," पदुमा म्हणाली. "तुझ्या आईने त्याला चिंचेखाली पुरले. मी रडत होते म्हणून मला मातीची चूल दिली, एवढीशी."

"ती चूल माझी होती. वर्षभर धुमसत होतो मी."

"मग मागायची होतीस."

"आहे अजून?"

"फडताळात आहे. एक कान तुटलाय."

सोणक मग म्हणाला, "आईच्या हातची आहे ती."

पौर्णिमेच्या सकाळी नगरपाल आळीच्या टोकाला आसनावर बसला. शेजारी मारेकरी फास घेऊन उभा होता. पदुमा पुढे आणि काजळी मोकळी तिच्या मागे, अशा त्या निघाल्या. निम्म्या वाटेवर पदुमा भीतीने कोसळली. चार बाजूंनी कुंभार धावले. मातीने माखलेले दहा हात मालकिणीच्या अंगावर पडताना काजळीने पाहिले. तिच्या पाठीचे केस उभे राहिले. मारेकऱ्याने फास टाकायला उचलला. रोहक जागचा हलला नाही.

सोणक म्हणाला, "काजळी, बस." मग त्याची सून म्हणाली, मग पलीकडचा भट्टीवाला, मग ओट्यावरच्या बायका, सगळे हळू आवाजात तेच म्हणाले. काजळीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि ती पदुमाच्या उशाशी बसली.

नगरपाल उठला. "एवढेच होय? हे तर कोणालाही जमेल."

"जमेल, स्वामी," रोहक म्हणाला. "रोज येऊन बसावे लागते."

शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, ही कथा आपल्या विहारातल्या दोन भिक्खूंना सांगितली. एकाने विहारातल्या कुत्र्याला दुसऱ्यावर भुंकायला शिकवले होते, आणि दुसरा त्या कुत्र्याला हाकलून द्या म्हणत होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाची पदुमा म्हणजे तू, सुयामा. सोणक म्हणजे हा वप्पक. नगरपाल म्हणजे विचारपूस न करता काठी उचलणारा आपला द्वारपाल. काजळी म्हणजे हे पायाशी निजलेले कुत्रे. आणि रोहक तो मीच. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेणारा गुण, पाळली, ती मैत्री."